दहा वाजून पाच मिनिटांनी लाइट गेली, घात दुपारी झाला

सोमवार, 12 ऑक्टोबर 2020, पहाट

मुंबईचा वीजपुरवठा सकाळी दहाच्या सुमारास कोसळला, पण दुखणं त्याआधीचं होतं. महापारेषणच्या 400 केव्ही कळवा–पडघे वाहिनीचं एक सर्किट देखभालीसाठी बंद होतं आणि सगळा भार दुसऱ्यावर होता, हे राज्याचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी सांगितलं. शहर झोपेत होतं. मागणी कमी होती, त्यामुळे काही जाणवायचं कारण नव्हतं.

या वेळी लोअर परळ, महालक्ष्मी, वरळी या पट्ट्यात रात्रपाळीवर असतात ती ॲनिमेशन आणि इफेक्ट्स स्टुडिओंची यंत्रं. परळला सिनेमा नवा नाही. व्ही. शांताराम यांचं राजकमल 1942 पासूनचं. फक्त आता कलाकार मॉडेल, प्रकाश, धूर, पाणी सगळं मांडून ठेवतो आणि त्याचं चित्र काढायचं काम, म्हणजे रेंडर, लिनक्स सर्व्हरांच्या रांगांवर, म्हणजे रेंडर फार्मवर, सोडून देतो. सेकंदाला 24 फ्रेम. दीड तासाच्या ॲनिमेशनपटाच्या होतात 1,29,600, आणि अवघड दृश्यातली एकच फ्रेम एका यंत्राला काही तास धरून ठेवू शकते. कोरोनामुळे त्या ऑक्टोबरात बरेचसे कलाकार घरी होते, दुरून ऑफिसातल्या मशिनला जोडलेले. सर्व्हर रूमजवळ फार तर एखादा माणूस.

कुठल्या यंत्राला कोणती फ्रेम द्यायची, कोणाचं काम आधी, कोणाचं थांबवायचं, हे ठरवतं रेंडर मॅनेजर सॉफ्टवेअर. गूगल आणि सोनी पिक्चर्स इमेजवर्क्स यांनी 2019 मध्ये खुलं केलेलं ओपनक्यू घ्या. मुख्य सर्व्हरवर क्यूबॉट, प्रत्येक यंत्रावर आरक्यूडी नावाचा छोटा प्रोग्राम, आणि सगळ्या नोंदी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र विजेसाठी हेच काम करतं: कोणाकडून घ्यायची, कोणाला द्यायची आणि वेळ आली तर कोणाला तोडायचं. दोन्हीकडची खरी परीक्षा तोडण्यात असते.

10.00 ते 10.05

कळवा आणि खारघर इथली उपकेंद्रं जवळजवळ एकदम ट्रिप झाली आणि ग्रिडची वारंवारता घसरली, असा टाटा पॉवरचा खुलासा. अशा वेळी मुंबईने राज्याच्या ग्रिडपासून सुटून आपल्यापुरती वीज चालवायची, ही 'आयलँडिंग'ची सोय शहराकडे अनेक वर्षं होती. तिच्या भरवशावर मुंबईकराने इन्व्हर्टर ही चीज 'गावाकडची' मानली होती. पण बेट तरायचं तर आतली मागणी आतल्या निर्मितीइतकी उतरवावी लागते, तीही काही सेकंदांत. तशी ती उतरली नाही आणि बेटही बुडालं. कुलाब्यापासून माहीम–शीवपर्यंत वीज पुरवणाऱ्या बेस्टने कळवलं की टाटांकडून येणारा पुरवठाच बंद पडला आहे. लोकल जागच्या जागी थांबल्या.

10.05 ते साडेदहा

सर्व्हर रूममध्ये दिवे जातात, पंखे फिरतच राहतात. यूपीएसने भार घेतलेला असतो. हीच वेळ फसवी. यूपीएसवर सर्व्हर असतात, एसी बहुधा नसतो. पूर्ण ताकदीने रेंडर करणारी यंत्रं बंद खोलीला काही मिनिटांत भट्टी करतात. जनरेटर लगेच लागला तर ठीक. नाही तर शहाणपण एकच: आधी क्यू थांबवा, मग रेंडर यंत्रं बंद करा, मग डेटाबेस, आणि सगळ्यात शेवटी स्टोरेज. लिनक्सवर 'नेटवर्क यूपीएस टूल्स' हे काम आपोआप करतं: बॅटरी तळाला गेली की आधी हाताखालच्या यंत्रांना निरोप, शेवटी मुख्य यंत्र. ते बसवलेलं अनेक ठिकाणी असतं. मेन स्विच खाली करून पाहिलेलं क्वचित.

क्रम चुकला आणि स्टोरेज आधी गेलं, तर एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या स्टोरेजवर, डोळे लावून बसलेली कामं अशी गोठतात की कधीकधी जबरदस्तीने बंद करायच्या 'किल नाइन'लाही दाद देत नाहीत. अर्धवट लिहिलेल्या फ्रेम डिस्कवर तशाच राहतात: नाव बरोबर, फाइल हजर, खालचा भाग काळा. आरक्यूडीकडून निरोप येईनासा झाला की मॅनेजर ते यंत्र मेलं असं धरतो आणि फ्रेम पुन्हा रांगेत लावतो. पण 'असलेल्या फ्रेम वगळा' ही खूण चालू असेल, तर ती अर्धी फ्रेम झाली म्हणून मोजली जाते.

इतकं होऊनही नुकसान बेताचंच असतं: रात्रभराचं काही काम.

10.55

हार्बरवर सीएसएमटी–पनवेल लोकल सुरू. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाला 12.26 वाजले.

दुपार

टाटांचे जलविद्युत संच आणि तुर्भे केंद्राचे संच कामाला लागले. टाटांची खोपोलीची वीज मुंबईत आली ती 1915 मध्ये, मुख्यतः गिरण्यांसाठी. त्या दिवशी त्याच गिरण्यांच्या जागेवरचे सर्व्हर वीज परतायची वाट पाहत होते. थंड पडलेलं ग्रिड उठवताना सगळा भार एकदम टाकत नाहीत. थोडी निर्मिती, थोडा भार, पुन्हा थोडी निर्मिती. दक्षिण मुंबईत काही तासांत वीज आली, काही उपनगरांत रात्र झाली.

आणि रेंडर फार्म? तिथे बायोसमध्ये 'वीज येताच चालू व्हा' लिहिलेलं असतं, म्हणून सगळी यंत्रं एकाच क्षणी उठतात. रेंडर यंत्र दोन मिनिटांत तयार होतं, मोठं स्टोरेज डिस्क तपासत बसतं. माउंट लागलेला नाही, म्हणजे स्टोरेज अजून यंत्राला जोडलेलं नाही, पण ते जिथे जोडायचं त्या माउंट पॉइंटचं रिकामं फोल्डर तर आहे. आरक्यूडी क्यूबॉटला कळवतो: मी मोकळा आहे. फ्रेम येते, टेक्श्चर सापडत नाही, तीन सेकंदांत काम पडतं. यंत्र पुन्हा मोकळं, पुन्हा फ्रेम. फाइल न उघडताच 'नामंजूर'चा शिक्का मारणाऱ्या कारकुनासारखं ते अख्खी रांग निकालात काढतं, कारण नीट काम करणाऱ्या यंत्रापेक्षा ते कितीतरी वेगवान असतं. त्याहून वाईट प्रकार म्हणजे ज्याला बाहेरचं काही लागत नाही असं दृश्य. ते व्यवस्थित रेंडर होतं, पण यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर त्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहिलं जातं. नंतर माउंट लागला की ते त्याखाली झाकलं जातं. पडद्यावर सगळं हिरवं, स्टोरेजवर काही नाही.

माझ्या मते अशा खोलीतली खरी दुर्घटना ही, आणि ती लाइट असताना घडते. उपाय अवघड नाहीत. यंत्रं रॅकवार, थांबून थांबून उठवायची. सिस्टिमडीत आरक्यूडीच्या युनिटला 'रिक्वायर्स माउंट्स फॉर'ची एक ओळ द्यायची. लागोपाठ कामं पाडणारं यंत्र आपोआप बाजूला काढायचं. फ्रेम आधी तात्पुरत्या नावाने लिहून, पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्यायचं.

नंतर

चौकशीचे आदेश झाले. मार्च 2021 मध्ये राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताचा संशय मांडला. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी तो फेटाळून मानवी चुकीकडे बोट दाखवलं.

27 फेब्रुवारी 2022, रविवार, सकाळी दहाच्या आत: महापारेषणची 220 केव्ही मुलुंड–तुर्भे वाहिनी ट्रिप झाली. दादर, परळ, माटुंगा, शीव आणि दक्षिण मुंबईचा मोठा भाग सुमारे तासभर बंद होता. म्हणजे लाइट पुन्हा जाऊ शकते. तुमच्या सर्व्हर रूममध्ये कोणत्या यंत्राने आधी उठायचं, हे दारावर कागदावर लिहून लावलेलं नसेल, तर आजच लावा.