अक्षहृदय आणि चार शिपाई

कामगार संघटनेच्या माणसाने व्याख्यानमालेत पत्त्यांच्या जुगाराचा इतिहास सांगावा, हे काहींना विपरीत वाटेल. पण हा विषय आम्हाला पोथीत सापडलेला नाही. विशीत असताना पगाराच्या रात्री चाळीच्या जिन्याखाली मांडलेल्या डावात निम्मा पगार घालवून आम्ही घरी गेलो आहोत. आईने एक शब्द न बोलता वाण्याचे पुस्तक समोर ठेवले. ‘नशीब फिरले’ एवढेच आम्हाला म्हणता आले. हिशेब करावा, हे सुचले नाही.

महाभारताला मात्र ते सुचले होते. वनपर्वात सर्वस्व हरलेला नळ राजा पुढे ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकतो. ऋतुपर्णाची विद्या मुळात मोजण्याची. बेहड्याच्या झाडाची पाने-फळे किती, हे तो पाहताक्षणी सांगतो. आणि नळ रथातून उतरून ती मोजून खात्री करून घेतो.

असेच एक अक्षहृदय विसाव्या शतकात चार अमेरिकन शिपायांनी शोधून काढले. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडरमॉट हे चौघे मेरीलँड राज्यात अ‍ॅबरडीन येथील लष्करी तळावर नोकरीला होते. १९५३ च्या सुमारास बराकीत पत्ते खेळताना ब्लॅकजॅकची गोष्ट निघाली. या खेळात पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची. एकवीस ओलांडले की पैसे गेले. चित्राचे पान दहाचे, एक्का एकचा किंवा अकराचा. जुगारगृहाचा डीलर आपले एक पान उघडे ठेवतो. कोणी सांगितले की, लास व्हेगासमध्ये डीलरला सोळापर्यंत पान घ्यावेच लागते आणि सतरावर थांबावेच लागते. बाल्डविनने हे बरोबर टिपले. ज्याचे हात नियमाने बांधलेले आहेत, त्याचा हिशेब मांडता येतो! कारखान्याचे स्थायी आदेश ज्यांनी ओळीने वाचले आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

लष्करी कचेरीतील हिशेबाची यंत्रे घेऊन, ड्यूटी संपल्यावर, चौघांनी सुमारे दीड वर्ष आकडेमोड केली. १९५६ साली तो निबंध अमेरिकन संख्याशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. पुढल्या वर्षी लोकांसाठी छोटे पुस्तकही निघाले.

त्याचे सार सोपे आहे. बावन्न पानांत दहाच्या किमतीची सोळा पाने असतात. म्हणून डीलरची पंजी किंवा छक्की उघडी असेल तर शंभरांतून चाळीसच्या वर वेळा तोच फुटतो. तेव्हा दुर्रीपासून छक्कीपर्यंतचे पान त्याच्यापुढे दिसले आणि आपली बेरीज तेरा किंवा अधिक असली, तर हावरेपणा न करता थांबावे. सत्ती किंवा त्याहून मोठे पान दिसले, तर तो फुटेल या आशेवर बसू नये. एक्का अकराचा धरलेला नसेल तर सतरा होईपर्यंत पान घ्यावे. एक्क्यांची व अठ्ठ्यांची जोडी फोडावी, कारण सोळासारखी वाईट बेरीज नाही. दहांची जोडी कधीच फोडू नये. अकरा झाले की बहुधा पण दुप्पट करावा.

इतके करूनही काय होते? चौघांच्या गणिताप्रमाणे शंभर डॉलर लावले की सरासरी बासष्ट सेंट जातात. डीलरची हुबेहूब नक्कल करणाऱ्याचे पाच डॉलरांहून अधिक जातात. गोम एकाच जागी आहे. आधी खेळाडूने पाने घ्यायची. तो फुटला की पैसे तेथेच गेले. मागाहून डीलर फुटला तरी ते परत मिळत नाहीत. जुगारगृहांचे महाल आधी कोण आणि मग कोण, या क्रमावर उभे आहेत.

या चौघांनी मर्म मुठीत ठेवले नाही. एडवर्ड थॉर्प नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने पत्र लिहिताच त्यांनी आपल्या वह्या त्याला पाठवल्या. थॉर्पने मोठ्या संगणकावर काम पुढे नेले. वाटून झालेली पाने मोजत गेले तर पारडे खेळाडूकडे झुकू शकते, हे त्याने दाखवले आणि १९६२ साली पुस्तकातून जगजाहीर केले. एप्रिल १९६४ मध्ये लास व्हेगासच्या जुगारगृहांनी घाबरून नियम कडक केले. खेळाडू मेजांवरून उठून गेले, आणि काही आठवड्यांत मालकांनी ते नियम मागे घेतले. संघटना नव्हती, घोषणा नव्हती. पण गिऱ्हाईक उठले की मालकाला काय कळते, ते तेथे दिसले.

आज आपल्याकडची मंडळी गोव्याला जातात तेव्हा मांडवीवरच्या कॅसिनो नौकांतही डोकावतात. त्यांनी खेळावे असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही स्वतः त्या रात्रीनंतर पत्ता हातात धरलेला नाही. पण कोणत्याही मेजावर बसण्यापूर्वी नियम कोणता, तो कोणाला बांधतो आणि आधी कोण मरतो, एवढे तिघांनी मिळून विचारावे. करारावर सही करण्यापूर्वी आम्ही आमच्या सभासदांना हेच तीन प्रश्न विचारावयास शिकवतो. जिन्याखाली कोणी ते आम्हाला विचारावयास सांगितले असते, तर वाण्याचे पुस्तक आईला उघडावे लागले नसते.