रेल्वे विद्युतीकरण, खानदेशातील
मुंबईहून खानदेशाकडे जाणाऱ्या लोहमार्गाचे इगतपुरीपर्यंतचे विद्युतीकरण १९३० मध्ये १,५०० व्होल्ट एकदिश दाबावर झाले. रेल्वेने १९५७ मध्ये २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रणाली स्वीकारल्यामुळे पुढील इगतपुरी–भुसावळ मार्गास तीच मिळाली. दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. ३,००० किलोवॉट शक्तीस जुन्या दाबाने २,००० अँपिअर, तर नव्या दाबाने (शक्तिगुणक १ धरून) अवघे १२० अँपिअर प्रवाह लागतो. दाबास प्रवाहाने भागल्यास रोध मिळतो. तारेचा रोध ०·१ ओहम मानल्यास तिच्यात रोधामुळे अनुक्रमे २०० व १२ व्होल्ट दाब खर्ची पडतो, म्हणजेच ४०० व १·४४ किलोवॉट शक्तीची उष्णता होते. त्यामुळे नव्या प्रणालीस बारीक तार व विरळ उपकेंद्रे पुरतात. या लाभाची किंमत इगतपुरीस मोजावी लागली : तेथे एंजिने बदलण्यात गाड्यांचा वेळ जाई. घाटातील एकदिश प्रणाली २००६ मध्ये बदलण्यात आली.