दर २४४ दिवसांनी वाढणारा रेडिओ सिग्नल : आकाशातले 'मेसर' वेळापत्रक का पाळतात?

धनु राशीच्या दिशेला, पृथ्वीपासून सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवर 'जी ९.६२+०.२०' हा ताऱ्यांच्या जन्माचा प्रदेश आहे. तिथून येणारा एक रेडिओ सिग्नल साधारण दर २४४ दिवसांनी झपाट्याने वाढतो आणि मग हळूहळू उतरतो. आठ महिन्यांनी पुन्हा तेच. या सिग्नलचा उगम आहे 'मेसर', आणि त्याचं हे वेळापत्रक धुळीत दडलेल्या ताऱ्याबद्दल बरंच काही सांगू शकतं.

मेसर म्हणजे काय?

लेझर प्रकाश वाढवतो, तर मेसर सूक्ष्मलहरी. चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये प्रयोगशाळेत पहिला मेसर तयार केला. पुढे १९६५ मध्ये असे मेसर अवकाशात आपोआप तयार होतात, हे लक्षात आलं.

मोठ्या ताऱ्यांच्या आसपास मिथेनॉल वायूचे मेसर आढळतात. तारा भोवतालची धूळ तापवतो. तापलेल्या धुळीतून अवरक्त किरण निघतात आणि ते मिथेनॉलच्या रेणूंना ऊर्जा देतात. याला 'पंपिंग' म्हणतात. अशा रेणूंमधून योग्य तरंगलांबीची रेडिओलहर गेली, की रेणू तशीच लहर, त्याच दिशेने बाहेर टाकतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार होत सिग्नल प्रचंड वाढतो. यातली ६.७ गिगाहर्ट्झची लहर १९९१ मध्ये कार्ल मेंटेन यांनी शोधली. घरातल्या ५ गिगाहर्ट्झच्या वायफायपेक्षा ही वारंवारता थोडीच जास्त आहे.

वेळापत्रक कसं सापडलं?

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ हार्टेबीस्टहुक इथे २६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. शर्मिला गुडहार्ट आणि सहकाऱ्यांनी १९९९ पासून चार वर्षं या दुर्बिणीतून ५४ मिथेनॉल मेसरवर नजर ठेवली. त्यातले ७ ठरावीक काळाने बदलत होते. 'जी ९.६२'बद्दलचा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर इतर देशांतल्या दुर्बिणींनाही असे मेसर सापडले. काहींचा काळ महिनाभराच्या आसपास आहे, तर काहींचा वर्षाहून जास्त.

मग कारण काय?

लाउडस्पीकरचा आवाज दोन कारणांनी वाढू शकतो : माइकसमोरचा माणूस मोठ्याने बोलला, किंवा कुणी अॅम्प्लिफायरचं बटण फिरवलं. मेसरचंही तसंच आहे. मागून येणारी मूळ रेडिओलहर बदलू शकते, किंवा पंपिंग बदलू शकतं. त्यावरून मुख्य तीन शक्यता मांडल्या जातात.

१. वाऱ्यांची टक्कर : दोन तारे एकमेकांभोवती लांबट कक्षेत फिरत असतील, तर ते जवळ आल्यावर त्यांच्यातून वाहणारे वायूचे झोत जोरात आदळतात. त्यातल्या किरणोत्सर्गाने जवळच्या वायूचं आयनीभवन वाढतं आणि मूळ रेडिओलहर तीव्र होते. नंतर वायू हळूहळू पूर्वस्थितीत येतो. 'जी ९.६२'मधली झटपट चढण आणि संथ उतार याच्याशी चांगला जुळतो.

२. जोडताऱ्यांवर पडणारा वायू : तारे फिरताना आजूबाजूचा वायू त्यांच्यावर कमीजास्त प्रमाणात पडतो. त्यामुळे धुळीचं तापमान आणि पंपिंग बदलतं.

३. ताऱ्याचं स्पंदन : वेगाने वाढणारा कोवळा तारा फुगतो-आकसतो. हे खरं असेल, तर मेसरच्या काळावरून ताऱ्याचं वस्तुमान आणि त्याच्या वाढीचा वेग यांचा अंदाज बांधता येईल.

सगळ्या मेसरना एकच कारण लागू पडेल असं नाही. 'जी १०७.२९८+५.६३९' हे त्याचं चांगलं उदाहरण. तिथे ३४.४ दिवसांचा काळ आहे. पोलंडमधल्या तोरुन इथल्या दुर्बिणीने तिथे मिथेनॉल आणि पाण्याचे मेसर आळीपाळीने उजळताना पाहिले. मिथेनॉलला अवरक्त किरण पोसतात, पाण्याच्या मेसरला रेणूंच्या टकरी. अवरक्त किरण वाढले की पहिला उजळतो आणि दुसरा मंदावतो. म्हणजे इथे बदल पंपिंगमध्ये होतोय, असं दिसतं.

याचं महत्त्व काय?

सूर्याच्या आठपटींहून जड तारे शेवटी सुपरनोव्हा होऊन फुटतात आणि ऑक्सिजनसारखी मूलद्रव्यं अवकाशात पसरवतात. पण असे तारे जन्मतात कसे, हे पाहणं अवघड आहे. ते संख्येने कमी, बहुतेक खूप दूर आणि वाढीच्या काळात दाट धुळीत झाकलेले असतात. साध्या प्रकाशाला ही धूळ अडवते, रेडिओलहरींना नाही.

म्हणूनच या मेसरवर वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते. आत एक तारा आहे की जोडी, आणि त्यांच्यावर वायू किती पडतोय, हे फोटोत दिसत नसलं तरी सिग्नलच्या चढ-उतारात उमटत असतं.