विद्युत ट्रकमधील लघुदाब बॅटरी

ट्रक ओढणाऱ्या मुख्य उच्चदाब बॅटरीखेरीज दिवे, वायपर, दारांची कुलपे, ब्रेकची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि नियंत्रक संगणक यांना वीज पुरवणारी दुय्यम बॅटरी. लहान मालवाहू गाड्यांत ती बहुधा १२ व्होल्टची असते. अवजड ट्रकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट मिळवतात, तर टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये ४८ व्होल्टची प्रणाली आहे.

मुख्य बॅटरीचा दाब साधारणपणे ४०० ते ८०० व्होल्टच्या घरात असल्याने ट्रक बंद होताच कॉन्टॅक्टर, म्हणजे विद्युतचुंबकाने मिटणारे जाड स्विच, उघडून तिचा उरलेल्या गाडीशी असलेला संबंध तोडला जातो, आणि ते पुन्हा मिटवण्यासाठी लागणारी वीज लघुदाब बॅटरीतूनच येते. त्यामुळे ही बॅटरी उतरली, की मुख्य बॅटरी पूर्ण भरलेली असूनही ट्रक जागचा हलत नाही आणि पुष्कळदा चार्जरलाही दाद देत नाही. डिझेल ट्रकात स्टार्टर रेंगाळू लागला, की चालक सावध होतो. येथे स्टार्टरच नसल्याने ती पूर्वसूचना मिळत नाही, आणि या व्यवस्थेची खरी उणीव हीच म्हणावी लागेल.

अल्टरनेटरची जागा येथे डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे मुख्य बॅटरीचा उच्च दाब उतरवून लघुदाब बॅटरी भरणारे उपकरण, घेते. मात्र ते कॉन्टॅक्टर मिटलेले असतानाच चालते. उभ्या ट्रकात जीपीएस, मोबाइल जोडणी आणि चोरीरोधक यंत्रणा वीज खातच राहतात : ५० मिलिअँपिअरचा अखंड भार ६० अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे २५ दिवसांत निम्मी रिकामी करतो. काही ट्रक ठरावीक अंतराने आपणहून जागे होऊन ती भरून घेतात. इतरांसाठी लांबच्या मुक्कामात लहान चार्जर लावणे किंवा बॅटरीचा खटका बंद करणे श्रेयस्कर. शिसे-आम्ल बॅटरी दीर्घकाळ अर्धवट रिकामी राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक साचून क्षमता कायमची घटते, आणि उन्हाच्या तापाने स्वयंविसर्जनही वाढते. २४ व्होल्टच्या जोडीतील एकाच बॅटरीवरून टेप किंवा पंखा चालवण्याची खोड तर जोडीचा तोल बिघडवून दोन्ही बॅटऱ्यांचे आयुष्य कमी करते.

उतरलेल्या बॅटरीला बाहेरून तेवढ्याच व्होल्टचा आधार दिल्यास कॉन्टॅक्टर मिटतात व पुढचे काम कन्व्हर्टर सांभाळतो. याउलट, स्टार्टरला क्षणभर शेकडो अँपिअर लागत असल्याने, उत्पादकाच्या पुस्तिकेत स्पष्ट मुभा नसेल तर विद्युत ट्रकावरून डिझेल गाडी चालू करू नये.