वैद्यकीय प्रतिमांकन : बारावी विज्ञानानंतरची एक वाट

बारावीचा निकाल लागतो, वैद्यकीय प्रवेशाच्या यादीत नाव येत नाही आणि अनेक घरांत निराशेचे सावट पसरते. रुग्णसेवा म्हणजे डॉक्टर किंवा परिचारिका, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. वस्तुतः आजच्या रुग्णालयात निदानाचा मोठा भार क्ष-किरण, सीटी स्कॅन व एमआरआय या यंत्रांवर असतो. ही यंत्रे चालविणारे हात बहुधा डॉक्टरांचे नसतात, ते प्रशिक्षित तंत्रज्ञांचे असतात. प्रस्तुत लेखात या व्यवसायाचे स्वरूप, त्यासाठी लागणारे शिक्षण आणि प्रवेश घेताना बाळगावयाची सावधगिरी यांचा परिचय करून दिला आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म रोंटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळाले. पुढे १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. एमआरआयच्या पायाभूत संशोधनासाठी पॉल लाउटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल देण्यात आले. फिल्म धुण्याची अंधारी खोली आता जवळपास इतिहासजमा झाली असून प्रतिमा थेट संगणकाच्या पडद्यावर उमटते. म्हणून जीवशास्त्राइतकीच भौतिकशास्त्राची व संगणकाची गोडी या विद्यार्थ्याला असावी लागते.

तंत्रज्ञाचे काम

'बटण तर दाबायचे असते', असे या कामाविषयी सर्रास बोलले जाते. परंतु बटण दाबण्यापूर्वीचे सारे काम हेच खरे काम होय. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धेला वेदना न वाढविता योग्य स्थितीत ठेवणे, रडणाऱ्या मुलाला क्षणभर स्थिर करणे, रुग्णाच्या देहयष्टीनुसार किरणांची तीव्रता व वेळ ठरविणे, तपासणी नेमक्या त्याच भागापुरती मर्यादित ठेवणे, ही सर्व जबाबदारी तंत्रज्ञाची असते. प्रतिमा अस्पष्ट आली तर तपासणी पुन्हा करावी लागते आणि रुग्णाच्या शरीरात किरणोत्सर्गाची दुसरी मात्रा जाते.

या मात्रेची कल्पना यावी म्हणून काही आकडे लक्षात ठेवावेत. पृथ्वीवरील माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मिळतो. छातीच्या एका क्ष-किरण चित्राची मात्रा ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी असते. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र ती साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्टपर्यंत जाते. निष्काळजीपणे पुन्हा केलेले एक सीटी स्कॅन म्हणजे कित्येक वर्षांच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाची भर होय. रुग्णाला हे कळत नाही; तंत्रज्ञाला कळले पाहिजे.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, पण म्हणून धोका नसतो असे नव्हे. दीड टेस्लाच्या चुंबकाचे बळ पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट असते आणि तपासणी चालू नसतानाही ते कायम असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात रुग्णाचा एक नातेवाईक ऑक्सिजनचे नळकांडे घेऊन एमआरआय कक्षात गेला. चुंबकाने ते नळकांडे खेचून घेतले व त्या तरुणाला प्राण गमवावे लागले. कक्षाच्या दारात उभे राहून कोणाला व कशाला आत सोडावयाचे हे ठरविणे, पेसमेकर किंवा शरीरातील धातूविषयी प्रत्येक रुग्णाला विचारणे, हा या पेशातील शिष्टाचार नसून जीवनमरणाचा प्रश्न आहे.

सोनोग्राफीविषयी एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. इंग्लंड-अमेरिकेत सोनोग्राफर हा स्वतंत्र पेशा आहे. आपल्या देशात मात्र गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे व त्याखालील नियमांमुळे गरोदर स्त्रीची सोनोग्राफी पात्र डॉक्टरांनीच करावयाची असते. 'सोनोग्राफी शिका व स्वतःचे केंद्र उघडा' असे आमिष दाखविणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे.

शिक्षण व मान्यता

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी या विषयातील पदवी हा उत्तम मार्ग आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने बी.पी.एम.टी. या पदवीद्वारे असे तंत्रज्ञ घडविले आहेत. प्रवेशाची पद्धत व अभ्यासक्रमांची नावे बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी. विज्ञानाचे पदवीधर पुढे न्यूक्लिअर मेडिसिनकडे वळू शकतात. भाभा अणुसंशोधन केंद्राचे परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर त्यासाठी प्रसिद्ध आहे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्यांना त्याच केंद्राच्या रेडिऑलॉजिकल फिजिक्सच्या पदविकेनंतर रुग्णालयांत वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ म्हणून काम करता येते.

२०२१ साली संसदेने संमत केलेल्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात प्रतिमांकन तंत्रज्ञांचा समावेश आहे. या कायद्यानुसार सहयोगी आरोग्य व्यावसायिकाची पदविका वा पदवी किमान दोन वर्षांची व २,००० तासांची असली पाहिजे आणि व्यवसायासाठी राज्य परिषदेच्या नोंदवहीत नाव असले पाहिजे. या पार्श्वभूमीवर सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रासाठी भरमसाट शुल्क घेणाऱ्या संस्थांचे काय करावे? आमच्या मते, त्यांच्या पायरीवरच जाऊ नये. 'शंभर टक्के नोकरी'चा फलक पाहून पालक कर्ज काढतात आणि मुलाच्या हाती उरतो तो कोणत्याही नोंदवहीत न चालणारा कागद. संबंधित विद्यापीठाकडे थेट चौकशी करावी, प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकविले जाणार ते लेखी घ्यावे व शक्य तर तेथे जाऊन यंत्रे पाहून यावे. एकाच जुन्या यंत्रावर चाळीस विद्यार्थी शिकत असतील, तर त्यातून तंत्रज्ञ घडणे अवघड आहे.

मुलींच्या पालकांची चिंता

या कामाने पुढे अपत्य होण्यास बाधा येईल काय, हा प्रश्न मुलींचे पालक दबक्या आवाजात विचारतात. तो उघडपणे विचारला जावा. देशातील क्ष-किरण यंत्रांवर मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीला किरणोत्सर्ग कर्मचारी म्हणून नेमता येत नाही. कर्मचाऱ्याची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट व कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट इतकी आहे. गर्भारपण कळविल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला मिळणारी मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवावी लागते. शिशाच्या अ‍ॅप्रनखाली छातीवर लावावयाचा टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी तपासला जातो व त्याची नोंद राहते. नियम पाळणाऱ्या विभागात प्रत्यक्ष मात्रा या मर्यादेच्या पुष्कळच खाली असते. जे केंद्र बॅज देत नाही, तेथील नोकरी मुलगा असो वा मुलगी, कोणीही स्वीकारू नये.

नोकरी व परदेश

शासकीय व महापालिका रुग्णालये, रेल्वे, खासगी रुग्णालये व निदान केंद्रे येथे संधी असतात. खासगी केंद्रांत सुरुवातीचे वेतन बेताचेच असते आणि रात्रपाळी चुकत नाही. सीटी व एमआरआयचा अनुभव गाठीस आल्यावर परिस्थिती सुधारते. संगणकीय बुद्धिमत्तेमुळे हे क्षेत्र बुडेल, अशी भीती अलीकडे व्यक्त होते. जेफ्री हिंटन या नामवंत शास्त्रज्ञाने २०१६ साली क्ष-किरणतज्ज्ञ घडविणे थांबवावे, असे मत मांडले होते. ते भाकीत खरे ठरले नाही. छातीच्या चित्रातील क्षयरोगाची चिन्हे ओळखण्यासाठी अशा प्रणाली वापरण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली हे खरे. पण रुग्णाला पलंगावरून यंत्रावर घेणारे कोणी तरी लागतेच.

आपल्याकडील अनेक तरुण आखाती देशांकडे डोळे लावून असतात. तेथे परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि पदवी, गुणपत्रके व अनुभवाचे दाखले यांची पडताळणी ते देणाऱ्या संस्थेकडूनच थेट केली जाते. ब्रिटनमध्ये हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय 'रेडिओग्राफर' ही उपाधीही लावता येत नाही. तेव्हा प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, अभ्यासक्रमाच्या तासांचा तपशील, इंटर्नशिपचा दाखला व प्रत्येक नोकरीतील टीएलडी मात्रेची नोंद पहिल्या दिवसापासून जपून ठेवावी. दहा वर्षांनी संस्था बंद पडली असेल, तर हे कागद नव्याने मिळणे कठीण होते.