कुळांच्या जोरावर चाललेली खाण

रवींद्रनाथ टागोरांचे आजोबा कोळशाच्या धंद्यात होते! द्वारकानाथ टागोरांनी 1836 साली, बुडालेल्या अलेक्झांडर पेढीची राणीगंजची खाण 70 हजार रुपयांना घेतली. 1843 मध्ये गिलमोर-होमफ्रे हे प्रतिस्पर्धी त्यांना येऊन मिळाले आणि ‘बेंगॉल कोल कंपनी’ उभी राहिली.

तिचं मूळ कोणी 1774 मध्ये शोधतात, कारण त्या वर्षी समनर आणि हीटली यांनी वॉरन हेस्टिंग्जकडून खाणकामाचा परवाना मिळवला. पण त्यांचा कोळसा विलायती कोळशापुढे हलका ठरला आणि उद्योग थंडावला. कोणी श्रेय रेल्वेला देतात. ती राणीगंजला पोचली 1855 साली, म्हणजे कंपनी बारा वर्षांची झाल्यावर. तोवर कोळसा दामोदर नदीतून कलकत्त्याला जाई, तोही फक्त पावसाळ्यात. एरवी नदीला होडी चालण्याइतकं पाणीच नसे. वर्षभर खणायचं, घाटावर ढीग रचायचे आणि पुराची वाट पाहायची. असल्या धंद्यात दोन पेढ्यांनी एकाच नदीवर झुंजत बसण्यापेक्षा हातमिळवणी केली, यात नवल ते काय?

कंपनीचं खरं मूळ मात्र 1793 च्या कायमधाऱ्यात, म्हणजे जमीनदारांचा सारा कायमचा ठरवून देणाऱ्या बंदोबस्तात आहे. त्यामुळे बंगालात जमिनीखालच्या कोळशावरही जमीनदाराचा हक्क चाले. (आपल्याकडे वरोऱ्याची खाण सरकारनेच चालवली, ती 1906 साली बंद पडली.) द्वारकानाथ स्वतः जमीनदार आणि जमिनीच्या कायद्यात मुरलेले; जमीनदारीतून कोळसा मिळवण्याची वाट त्यांना कोणी दाखवायची गरज नव्हती. बेंगॉल कोल पुढे स्वतःच मोठी जमीनदार झाली. तिने संथाळ, बाउरी कुळांना शेतं कसायला दिली, पण खाणीत राबण्याच्या अटीवर. खाणीत उतरला नाही, तर शेत गेलं!

वाफेच्या यंत्राचे गोडवे गाणाऱ्यांना हे पचत नाही. आगबोटींमुळे कोळशाला गिऱ्हाईक मिळालं, हे कबूल. पण भुयारात माणूस उतरवला तो जमीनदारी हक्काने.

द्वारकानाथ 1846 साली लंडनमध्ये वारले आणि दोनच वर्षांत त्यांची कार-टागोर पेढी बुडाली. कंपनी तरली, पुढे अँड्र्यू यूलच्या कारभारात गेली. 1973 साली खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. राणीगंजच्या खाणी आज सरकारी ‘ईस्टर्न कोलफील्ड्स’कडे आहेत.