अमेलिया इअरहार्ट: विमान ‘सापडलं’ ही बातमी दर काही वर्षांनी का येते?

जानेवारी २०२४मध्ये समुद्रतळाची एक पिवळसर, धूसर प्रतिमा जगभर व्हायरल झाली. पंख, शेपूट, सगळा आकार विमानासारखाच. १९३७ साली बेपत्ता झालेल्या वैमानिक अमेलिया इअरहार्ट यांचं हे विमान असू शकतं, असं ‘डीप सी व्हिजन’ या अमेरिकन कंपनीचं म्हणणं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीनंच सांगितलं की, जवळून पाहिल्यावर तो खडक निघाला. ही दुसरी बातमी मात्र पहिलीइतकी फिरली नाही.

असं पहिल्यांदा घडलेलं नाही. २०१७मध्ये हिस्ट्री चॅनलनं एक जुना फोटो दाखवला होता. मार्शल बेटांवरच्या धक्क्यावर बसलेली पाठमोरी व्यक्ती अमेलियाच आहे आणि त्यांना जपान्यांनी पकडलं होतं, असा दावा होता. काही दिवसांतच एका जपानी ब्लॉगरनं तोच फोटो १९३५ साली छापलेल्या पुस्तकात शोधून काढला. म्हणजे अमेलिया बेपत्ता होण्याच्या दोन वर्षं आधीचा!

मग त्या दिवशी नेमकं झालं काय?

विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली महिला होण्यासाठी अमेलिया निघाल्या होत्या. सोबत दिशादर्शक फ्रेड नूनन होते. वाटेत हे दोघं कराची आणि कोलकात्यालाही उतरले होते. जवळपास ३५,००० किलोमीटर मागे पडले होते, सुमारे ११,००० उरले होते.

२ जुलै १९३७ रोजी त्यांनी न्यू गिनीतल्या लाए इथून उड्डाण केलं. पुढचा थांबा होता हॉलंड बेट. अंतर ४,१०० किलोमीटरच्या आसपास, आणि बेट किती मोठं? लांबी जेमतेम अडीच किलोमीटर, रुंदी एक किलोमीटरही नाही, उंची समुद्रापासून काही मीटर. प्रशांत महासागरात एवढा ठिपका शोधायचा, तर रेडिओशिवाय पर्याय नव्हता.

घोळ झाला तो नेमका तिथंच. मदतीसाठी बेटाजवळ थांबलेल्या ‘इटास्का’ जहाजाला अमेलियांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, पण जहाजावरून बोललेलं त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हतं. जहाजाचे मोर्स संकेत त्यांना एकदा ऐकू आले, पण ते ज्या फ्रिक्वेन्सीवर होते तिच्यावरून त्यांना दिशा काढता आली नाही. त्यात मोर्सवर दोघांचाही हात बसलेला नव्हता. वेळेचाही गोंधळ होता: त्या ग्रिनिच वेळ पाळत होत्या आणि जहाजाच्या घड्याळाचा हिशेब त्यापेक्षा अर्ध्या तासानं वेगळा पडत होता.

सकाळी पावणेआठच्या सुमारास संदेश आला की, आपण तुमच्या जवळच असायला हवं, पण तुम्ही दिसत नाही आणि इंधन संपत आलंय. तासाभरानं शेवटचा संदेश आला. आपण १५७-३३७ या रेषेवर आहोत, असं त्यात होतं. ही रेषा सूर्याच्या स्थितीवरून काढतात. ती मिळाली म्हणजे आपण कोणत्या रस्त्यावर आहोत ते कळतं, पण कोणत्या मैलाच्या दगडापाशी आहोत ते कळत नाही.

त्यानंतर रेडिओ शांत झाला. अमेरिकेनं विमानवाहू जहाजासह नौदल कामाला लावलं, दोन आठवड्यांहून अधिक काळ शोध चालला. काहीच मिळालं नाही. जानेवारी १९३९मध्ये अमेलियांना कायदेशीररीत्या मृत घोषित करण्यात आलं.

इंधन संपून विमान हॉलंडजवळ बुडालं, हेच स्पष्टीकरण सगळ्यात सरळ आहे. पण त्या रेषेवर दक्षिणेकडे गेलं तर सुमारे ६५० किलोमीटरवर निकुमारोरो हे निर्जन बेट लागतं. १९४०मध्ये तिथं मानवी हाडं सापडली. फिजीतल्या डॉक्टरांनी ती मोजून पुरुषाची असल्याचं सांगितलं. नंतर हाडंच हरवली, उरली ती फक्त मोजमापं. २०१८मध्ये एका मानववंशशास्त्रज्ञानं त्याच आकड्यांवरून ती अमेलियांशी चांगली जुळतात, असा निष्कर्ष काढला. हाडं असती तर डीएनए चाचणीनं प्रश्न मिटला असता. आता कुणाचाच दावा पूर्ण सिद्ध होत नाही आणि पूर्ण खोडताही येत नाही. नव्या बातमीला कायम जागा राहते ती यामुळे.

दुसरं कारण म्हणजे त्या बेपत्ता होण्याआधीच स्टार होत्या. १९२८मध्ये विमानातून अटलांटिक ओलांडणारी पहिली महिला म्हणून त्यांचं नाव गाजलं. प्रत्यक्षात त्या वेळी विमान दोन पुरुष चालवत होते. आपण बटाट्याच्या पोत्यासारख्या होतो, असं त्या स्वतःच म्हणायच्या. मे १९३२मध्ये त्यांनी ते एकटीनं करून दाखवलं. न्यूफाउंडलंडहून निघून सुमारे १५ तासांनी त्या उत्तर आयर्लंडमधल्या एका कुरणात उतरल्या. पती जॉर्ज पुटनम प्रकाशक होते, प्रसिद्धीचं तंत्र त्यांना नेमकं ठाऊक होतं. अमेलियांच्या नावानं कपडेही विकले जायचे.

या झगमगाटात महिला वैमानिकांच्या ‘नाइन्टी-नाइन्स’ संघटनेचं काम मागे पडतं. १९२९मध्ये ९९ सदस्यांनिशी सुरू झालेल्या या संघटनेच्या अमेलिया पहिल्या अध्यक्षा होत्या. ती आजही सुरू आहे. आणि नूनन यांचं नाव तर अनेक मथळ्यांत येतच नाही.

हॉलंड बेटावर आज कुणी राहत नाही. अमेलियांसाठी तयार केलेल्या धावपट्ट्या वापरात नाहीत. बोटींना दिवसा दुरून दिसावी म्हणून बांधलेली एक खूण मात्र किनाऱ्यावर आहे. तिचं नाव ‘इअरहार्ट लाइट’.